शमूदादाची बियाण्याची पिशवी

सध्या आमच्या घरी माणसं भेटायला येतात. दारात चपला साचतात. आधी प्रार्थना होते, मग वहिनी चहा ठेवते, आणि सगळे मान खाली घालून बसतात. मग कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी हळूच म्हणतं, "ते मेंढराचं आठवतंय का रे?"

झालं! एक हसतो, दुसरा हसतो, आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात येतं की आपण इथं कशासाठी आलोय. गप्प होतात. चपला घालून निघून जातात. चपला जातात, किस्सा मात्र घरातच राहतो. असे इतके साचलेत की आता पाय ठेवायला जागा नाही. म्हणून लिहून काढतोय.

शमूदादा म्हणजे माझा मोठा भाऊ. शमुवेल. जालन्याकडच्या टेंभुर्णीतल्या आमच्या मंडळीचा पास्टर. मंडळी म्हणजे काय, चाळीसेक माणसं आणि एक पत्र्याचं प्रार्थनाघर. आईवडील लवकर गेले, मला त्यानंच वाढवलं. त्यानं शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मी आठवीत शाळा सोडून गाड्यांच्या गॅरेजात घुसलो. आता स्टँडच्या रोडला माझं स्वतःचं गॅरेज आहे.

दादा होता, असं अजून मला बोलता येत नाही. लिहिताना तरी बघतो.

*

दादा बायबल शिकून आला तेव्हा सुरुवातीला कागदावरून संदेश द्यायचा. चांगला तासभर! तिसऱ्या रविवारी कचरूबाबा इतक्या जोरात घोरले की दादा थांबला आणि मंडळीला वाटलं संदेश संपला. सगळे उठून गाणं म्हणायला लागले!

कचरूबाबा आमच्यातले सगळ्यात म्हातारे. जालन्याच्या बियाणं कंपन्यांच्या प्लॉटवर त्यांनी उभा जन्म काढलेला. मंडळीत सगळे "आमेन" म्हणतात, बाबा म्हणत नाहीत. संदेश संपला की ते काठी टेकवत उभे राहतात आणि विचारतात, "मंग याचा अर्थ काय?" दादानं अर्थ सांगितला की म्हणतात, "बघू." आणि बसतात. अकरा वर्षं हेच!

त्या दिवशी दादा घरी येऊन म्हणाला, "दान्या, ऐकलेलं माणूस विसरतो. बघितलेलं विसरत न्हाई." त्यानं कपाशीच्या बियाण्याची एक रिकामी कापडी पिशवी शोधली, वहिनीकडून तिला बंद शिवून घेतला, आणि पुढच्या रविवारपासून पिशवीतून एक वस्तू काढायची आणि तिच्यावरून वचन समजवायचं, असं सुरू झालं. शनिवारी वस्तू भरायची आणि पिशवी प्रार्थनाघरातल्या खिळ्याला टांगून ठेवायची. रविवारपर्यंत कुणी आत बघायचं नाही. बायका तर येता-जाता बाहेरून चाचपून अंदाज करायच्या!

*

पहिली वस्तू होती मोहरीचा दाणा.

दादानं पिशवीतून पुडी काढली, पुडीतून एक दाणा चिमटीत धरला आणि हात उंच केला. "तुमचा विश्वास एवढा जरी असला..."

"केवढा?" मागून कुणीतरी ओरडलं. "दिसून न्हाई राह्यला!"

दादा पुढं आला, हात अजून उंच केला, आणि दाणा पडला! फरशी काळी, दाणा काळा. बायका पदर खोचून खाली बसल्या, माणसं खाली बसली, पोरं रांगायला लागली. दहा मिनिटं शोध चालला. दाणा काही सापडला नाही.

दादानं सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "प्रभूची स्तुती असो! आज पहिल्यांदा अख्खी मंडळी गुडघ्यावर आली!"

बाबा तेवढे उभे. "मंग याचा अर्थ काय?"

"बाबा, विश्वास लहान असला तरी उगवतो."

"उगवण टेस्ट केली का?"

"न्हाई केली."

"मंग कसं म्हणतो उगवतो? बघू."

पुढच्या रविवारी बाबा ओलं गोणपाट गुंडाळून घेऊन आले. आत मोजून शंभर दाणे ठेवलेले. सगळ्यांसमोर गोणपाट उलगडलं आणि म्हणाले, "ब्याण्णव उगवले. आठ अविश्वासी निघाले!"

*

मग आलं मीठ. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा." दादानं प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट मीठ ठेवलं आणि सांगितलं, "ह्ये जपून ठेवा. नुसतं हातात ठेवून काही होत न्हाई. मीठ वाटायला पाहिजे, मिसळायला पाहिजे, तवा चव येते."

त्या दिवशी नेमकं प्रीतिभोजन होतं, मंडळीचं एकत्र जेवण. मागं मार्थामावशीनं मोठ्या पातेल्यात वरण टाकलेलं. मार्थामावशी म्हणजे आमच्या मंडळीचं स्वयंपाकघर, तिच्याशिवाय इथं कुणाच्या पोटात घास जात नाही. वरणात मीठ तिनं आधीच बरोबर टाकलं होतं.

संदेश संपला. एक बाई उठली, श्रद्धेनं मागं गेली आणि आपली चिमूट वरणात टाकून आली. तिला बघून दुसरी. मग रांगच लागली! माणसं, पोरं, म्हातारी, सगळे एकेक करून गेले. मार्थामावशी तिकडं पानं मांडत होती, तिला पत्ताच नाही.

पहिला घास दादानं घेतला. त्याचं तोंड मी बघितलं. पण माणूस हटला नाही! दोन वाट्या वरण प्याला, वर तांब्याभर पाणी प्याला आणि मावशीला म्हणाला, "मावशी, आजपर्यंत कुठलाच संदेश लोकांनी इतका मनावर घेतला न्हवता."

मावशी पुढं कैक दिवस वरण झाकून ठेवायची. संदेश मिठावरचा नसला तरी!

*

मेंढराचा किस्सा तर तालुकाभर झाला.

हरवलेल्या मेंढराचा दाखला होता, शंभरातलं एक हरवलं की मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो, तो. दादाला खरं मेंढरू पाहिजे होतं. आमच्या शेजारी उस्मानचाचा, त्यांची पाचसात मेंढरं. चाचा म्हणाले, "ले जा बेटा, लेकिन शामतक वापस." मी मेंढरू मोटारसायकलवर माझ्या पोटाशी धरून आणलं. येताना त्यानं माझ्या शर्टाची दोन बटणं खाल्ली!

योजना अशी होती. मी मेंढरू प्रार्थनाघरामागं बांधायचं. दादा संदेशाच्या मध्यावर "मी त्याला शोधायला जातो" म्हणून बाहेर जाणार आणि ते खांद्यावर घेऊन येणार. मी बांधलं. गाठ काही माझी बरोबर बसली नाही.

दादा मोठ्या आवाजात म्हणाला, "नव्याण्णव सोडून तो एकामागं जातो!" आणि ऐटीत बाहेर गेला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मंडळीला वाटलं ही पण संदेशाची पद्धत आहे. सगळे शांत बसून. वीस मिनिटांनी बाहेरून दादाची हाक आली, "दान्या ऽ ऽ! खरंच हरवलंय!"

मग सगळेच बाहेर पडले. कुणी कपाशीत, कुणी ओढ्याकडं, बायका "येऽ येऽ" करत रस्त्यानं. प्रार्थनाघरात एकटे कचरूबाबा बसून राहिले. कुणी विचारलं तर म्हणाले, "मी नव्याण्णवातला हाये. मला सोडून गेले न्हवं का!"

शेवटी दादा घामाघूम होऊन कबूल करायला उस्मानचाचांकडं गेला. तर मेंढरू अंगणात निवांत कडबा खात उभं!

चाचा हसून म्हणाले, "पास्टरसाब, इसको ढूंडने कायको गये? भूक लगी तो खुदीच घर आती!"

दादानं कपाळाला हात लावला. "चाचा, भुकेनं आपणहून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राचा दाखला पुढच्या रविवारी होता. तुम्ही आजच सांगून टाकला!"

*

वहिनी आधी या पिशवीवर खूश होती. मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. आज चाळणी नाही, उद्या दिवा नाही, परवा कुलपाची किल्ली नाही! विचारलं की दादा म्हणायचा, "प्रभूला गरज होती."

एकदा लाटणं गेलं. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" या वचनासाठी. दादा गुरुवारी हसनाबादला एका घरी प्रार्थनेला जायचा, निघताना काठी सापडली नाही म्हणून पिशवीत लाटणं टाकलेलं. आणि परत आणायला विसरला. आठ दिवस वहिनी स्टीलच्या ग्लासानं पोळ्या लाटत होती. नवव्या दिवशी म्हणाली, "लाटणं आणा, न्हाईतर हसनाबादलाच जेवा!"

मी आणि दादा गेलो. बघतो तर काय! त्या घरात देवघरासारखी एक फळी, फळीवर बायबल, आणि बायबलच्या वर दोन खिळ्यांवर लाटणं! त्याला झेंडूचा हार!

दादा घाबरला. म्हणाला, "ताई, असं करू न्हाई. लाटण्यात काही न्हाई. ह्ये फक्त समजायला होतं."

ताई पदर सावरत म्हणाली, "पास्टर, ते तुम्हाला. तुम्ही गेल्यापासून ह्यायनी बाटलीला हात लावला न्हाई. रोज आले की आधी लाटण्याकडं बघतात, मंग माझ्याकडं बघतात, आन गुपचूप जेवायला बसतात. राहू द्या ना तिथंच!"

दादानं हार तेवढा काढायला लावला. लाटणं मागायची त्याची काही छाती झाली नाही.

घरी आल्यावर वहिनीनं नियम केला. पिशवीत जाईल त्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि खाली दोन शब्द, "परत देणे." दादानं तो नियम शेवटपर्यंत पाळला. मंडळीसमोर वस्तू वर धरली की चिठ्ठी आधी लोंबायची. "मार्थामावशीची. परत देणे." लोक वचनाआधी ती वाचायचे!

*

माझापण एक आहे. देवाची शस्त्रसामग्री हा विषय होता आणि दादानं शिपाई म्हणून मला उभं केलं. तारणाचं शिरस्त्राण म्हणून गिऱ्हाइकाचं हेल्मेट. छातीला तेलाच्या डब्याचा पत्रा. विश्वासाची ढाल म्हणून वहिनीची परात. प्रत्येकाला चिठ्ठी! माझ्या अंगावर एकूण पाच चिठ्ठ्या लोंबत होत्या.

दादा ढालीपर्यंत आला आणि माझा फोन वाजला. हेल्मेटची काच अडकलेली, वर होईना. मी आतूनच ओरडलो, "हां! बोला! झाली गाडी! आलोच!" गिऱ्हाईक गॅरेजसमोर येऊन उभं होतं, आणि मला थांबणं कधी जमलंय? निघालो तसाच!

टेंभुर्णीत गाडीवर बसलेला माणूससुद्धा हेल्मेट घालत नाही. मी हेल्मेट घालून, परात घेऊन, पायी चाललेलो. चहाच्या टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. एकानं विचारलं, "दान्या, कुठं दंगल झाली का रे?"

मागं प्रार्थनाघरात सगळे दाराकडं बघत होते. दादानं बायबल मिटलं आणि म्हणाला, "शिपाई लढाईला गेला. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू या."

*

एक किस्सा हसायचा नाही, पण तोही लोक सांगतात.

मार्थामावशीचा नवरा वारला तेव्हा दादा तिच्या घरी गेला. कचरूबाबा दारातच बसलेले. म्हणाले, "पास्टर, पिशवी कुठंय?"

दादा म्हणाला, "आज न्हाई आणली, बाबा. इथं दाखवायला माझ्याकडं काहीच न्हाई."

आत जाऊन तो मावशीजवळ खाली बसला. दोन तास. वचन नाही, बोलणं नाही. उठताना चुलीवर स्वतः चहा ठेवला. त्यात साखर टाकायला विसरला. मावशी अजून सांगते, "तसला चहा पुन्हा प्याले न्हाई."

परवा ती आमच्या घरी आली तेव्हा तिनं वहिनीसाठी चहा केला. मी प्यालो. साखर नव्हती.

*

आता शेवटचा. हा कालपरवाचाच आहे.

सात आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी माझा बारा-तेरा मापाचा पाना सापडेना. गॅरेजमध्ये त्या पान्याशिवाय माझा हात चालत नाही. सगळं उलटंपालटं केलं. तेवढ्यात दादा आला, खांद्याला पिशवी. माझं डोकं सटकलं.

"पाना आण इकडं!"

"कुठला पाना?"

"नाटक नको करू! माझ्या गॅरेजातनं काय काय नेतोस तू! तुझ्या त्या पिशवीपायी माझा धंदा बसून राह्यला!"

"दान्या, मी न्हाई नेला."

"मंग काय पान्याला पाय फुटले? चोर हायेस तू, प्रभूच्या नावानं चोरी करणारा! पुन्हा माझ्या गॅरेजची पायरी चढू नको!"

चार गिऱ्हाइकं उभी होती. दादानं माझ्याकडं बघितलं, पिशवी उलटी करून दाखवली. रिकामी होती. मग गेला.

शनिवारी तो जालन्याला गेला होता, असं वहिनी सांगते. दुपारी आला, प्रार्थनाघरात पिशवी टांगून घरी आला आणि पांघरूण घेऊन पडला. ताप. रविवारी संदेश झाला नाही. मंगळवारी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला म्हणाले. तेव्हापासून तो कुणाला ओळखत नव्हता.

गुरुवारी एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, "दान्या, तुझा पाना माझ्या डिक्कीत राह्यल्ता बघ."

मी तसाच दवाखान्यात गेलो. पाना खिशात. काचेच्या बाहेरून दादा दिसत होता. आत सोडलं तेव्हा म्हणालो, "दादा, पाना सापडला." दोनदा म्हणालो. त्यानं डोळे उघडले नाहीत. रविवारी पहाटे गेला. पान्याचं मी कुणालाच सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. तेव्हापासून तो माझ्या खिशातच होता.

पिशवी खिळ्यालाच होती. कुणी हात लावला नाही. बाहेरून चाचपलीसुद्धा नाही कुणी.

परवा चाळीस दिवसांची प्रार्थना झाली. गाणी झाली, लोक दादाबद्दल बोलले. मग मार्थामावशी उठली. "पास्टरचा शेवटचा संदेश राह्यलाय," ती म्हणाली. "पिशवी उघडा."

सगळ्यांनी वहिनीकडं बघितलं. वहिनीनं माझ्याकडं. "तू काढ, भावजी."

मला पळून जायचं होतं. दार उघडं होतं, चपला समोर दिसत होत्या. पण वहिनीनं पिशवी काढून माझ्या हातातच दिली. वजन होतं आत. बंदाची गाठ मी दोनदा उलटी ओढली, मग सुटली.

आत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं सोडलं. पाना होता. नवा कोरा, तेलाचा कागदसुद्धा काढलेला नाही. दोरा बांधलेला. दोऱ्याला चिठ्ठी, दादाचं अक्षर.

"दान्याचा. परत देणे."

मी ती मोठ्यानं वाचली. त्या शुक्रवारी गॅरेजसमोर उभे असलेल्या चौघांतले दोघं मागच्या ओळीत होते. त्यांनी माना खाली घातल्या. मग मी खिशात हात घातला, माझा जुना पाना काढला आणि टेबलावर नव्याच्या शेजारी ठेवला. म्हणालो, "हा माझ्याच गिऱ्हाइकाच्या डिक्कीत होता."

कचरूबाबा काठी टेकवत उभे राहिले. सगळ्यांना माहीत होतं ते काय विचारणार. मलाही माहीत होतं, आणि मला अर्थ सांगता येणार नव्हता. बाबा हळूहळू टेबलापर्यंत आले. जुना पाना हातात घेऊन बघितला. नवा घेऊन बघितला. दोन्ही एकावर एक धरून बघितले.

"एकाच मापाचे हायेत का रे?"

"हां, बाबा. बारा-तेरा."

बाबांनी पाने खाली ठेवले.

"आमेन," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.